सुईची भीती घालवायची, तर मुलांशी खरे बोला

‘जेवला नाहीस तर डॉक्टरकडे नेईन, ते सुई टोचतील!’ विरार पूर्वेच्या फुलपाड्यातली चाळ असो की नवी इमारत, हे वाक्य घरोघरी ओळखीचे. घास पोटात जातो खरा; पण लसीकरणाचा दिवस उजाडला, की हीच धमकी आईबाबांवर उलटते.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार ‘डीपीटी’चा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, तर दुसरा ५ ते ६ वर्षांच्या वयात दिला जातो. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यापासूनचे संरक्षण त्यामुळे टिकून राहते. मात्र या वयात मुलाला मागची सुई आठवते आणि पुढची डोळ्यांपुढे दिसू लागते. रडारड नको म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे होते आणि डोस राहून जातो. खरा धोका तोच.

उपाय साधे आहेत. ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगू नये. ते खोटे ठरले, की पुढच्या वेळी मूल विश्वास ठेवत नाही. ‘मुंगी चावल्यासारखे क्षणभर दुखेल, मी जवळच आहे’ एवढे पुरते. फार आधीपासून धास्ती लावू नये आणि ऐन वेळी फसवूनही नेऊ नये. आदल्या दिवशी घरी बाहुलीला तपासण्याचा खेळ खेळावा.

लस देताना वेदना कमी कशा कराव्यात, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारशी दिल्या. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे. मोठ्या मुलाला आडवे दाबून न धरता मांडीवर बसवून कुशीत घ्यावे. एकाच वेळी अनेक लसी असतील, तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी. सहा वर्षांखालील मुलांचे लक्ष गोष्टीत, खेळण्यात गुंतवावे. जीवदानीच्या पायऱ्या मोजतो तसे आकडे मोजायला लावले तरी चालते. दुखू नये म्हणून आधीच तापाचे औषध देऊ नये.

सुईनंतर ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ असे हिणवू नये. ‘रडू आले, तरी हात हलवला नाहीस’ हे कौतुक मुलाच्या लक्षात राहते. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. तेवढ्या वेळात मुलाचे डोळेही कोरडे होतात.

आणि ती जेवतानाची धमकी? ती आजपासूनच बंद करावी.