हृदयाचा जोडीदार : ९
पंप छातीत, रक्तस्राव आतड्यात

आज पंपाच्या बॅटऱ्या आणि त्यांना जोडणारी तार, म्हणजे ड्राइव्हलाइन, यांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. कराडच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि चार दिवस ते माझ्या खिशात आहे.

त्यांचे धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. दीड वर्षापूर्वी त्यांना हार्टमेट ३ हा हृदयाला मदत करणारा पंप बसवला. तब्येत सुधारली, दम न लागता जिना चढू लागले आणि एके सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. हिमोग्लोबिन सहावर आलं, रक्त चढवावं लागलं. वरून दुर्बीण घातली, खालून घातली. ना अल्सर, ना गाठ. ताई विचारतात, ‘पंप छातीत, मग भाऊजींचं रक्त आतड्यातून का जातं? रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळेच ना?’

गोळ्यांचा वाटा आहेच. पण धातूची झडप बसवलेली माणसंही रक्त पातळ करणारं वॉरफरिन वर्षानुवर्षं घेतात. त्यांच्यात हा त्रास एवढा दिसत नाही. हार्टमेट ३ बसवलेल्यांत मात्र पहिल्या दोन वर्षांत साधारण चौघांमागे एकाला पोटातून रक्तस्राव होतो. दुसरं काहीतरी आहे, आणि त्याचा धागा हे पंप अस्तित्वात नव्हते तेव्हाचा आहे.

१९५८ साली एडवर्ड हाइड नावाच्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक छोटं पत्र लिहिलं. ते वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर गावी प्रॅक्टिस करत. कॅनडातलं मोठं व्हँकूव्हर नव्हे, हे पोर्टलँडसमोर कोलंबिया नदीच्या पलीकडचं. महाधमनीची झडप चुना साचून अरुंद झालेले किमान दहा रुग्ण त्यांनी दहा वर्षांत पाहिले होते, ज्यांच्या पोटातून भरपूर रक्त जायचं आणि कारण सापडायचं नाही. आणखी कुणी असं पाहिलंय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सिद्धान्त नाही, तक्ता नाही. रोजच्या पेशंटकडे नीट बघणाऱ्या डॉक्टरची ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

पुढे सर्जन अशा रुग्णांच्या आतड्याचा तुकडा काढत. काही महिन्यांनी रक्त पुन्हा सुरू. पण हृदयाची झडप बदलली की बहुतेकांचं रक्त थांबायचं! आतड्याचा आजार छातीत बरा होत होता.

उलगडा व्हायला एका प्रथिनाची ओळख पटावी लागली. फिनलंडच्या ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबात रक्त थांबत नसे. त्यातल्या यॉर्डिस नावाच्या लहान मुलीला हेलसिंकीच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी तपासलं आणि १९२६ साली हा आजार मांडला. मुलगी तेराव्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावाने गेली. तिच्या रक्तात जे कमी होतं, त्याला आज फॉन विलेब्रांड फॅक्टर म्हणतात.

हा रेणू म्हणजे लांबलचक माळ, एरवी सुताच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली. रक्तवाहिनीला चीर पडली की ती तिथे चिकटते, प्रवाहाच्या ओढीने उलगडते आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट्सना पकडून ठेवते. माळ जितकी लांब, तितकी पकड घट्ट. पण उलगडली की तिच्यातली एक जागा उघडी पडते आणि अ‍ॅडॅम्टीएस-१३ नावाचं एन्झाइम नेमकं तिथे कापतं. निरोगी शरीरात ही कापणी हवीच, नाहीतर माळा वाढत जाऊन नको तिथे गुठळ्या होतील. हाइड यांच्या रुग्णांत मात्र अरुंद झडपेच्या फटीतून रक्त जोरात घुसताना माळा ताणल्या जात आणि चिरा नसतानाच कापल्या जात.

आता पंपाकडे या. आधीच्या हार्टमेट २ चा पंखा मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे घ्यायचा. हार्टमेट ३ चं चाक चुंबकाच्या जोरावर तरंगतं आणि पाच-सहा हजार फेरे घेतं; भोवतीची फटही रुंद आहे. तरी जवळजवळ प्रत्येक थेंब तिथूनच जाणार, दिवसातून शेकडो वेळा, आणि माळा तिथेही ताणल्या जाऊन कापल्या जाणार.

मी हार्ट-लंग मशीनपाशी बावीस वर्षं काढली. रक्त फेसाळू नये, पेशी फुटू नयेत, हे डोळ्यांत तेल घालून बघितलं. माळांची ही मोडतोड मात्र डोळ्यांना दिसत नाही. एका रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी मला या माळांच्या तपासणीची फिल्म दाखवली, तेव्हा ती पहिल्यांदा पाहिली. शेजारी शेजारी दोन शिड्या. निरोगी माणसाच्या शिडीला खालपासून वरपर्यंत पायऱ्या, खाली आखूड माळांच्या, वर लांब माळांच्या. पंपवाल्याच्या शिडीला खालच्या ठसठशीत आणि वर कोरी जागा. सगळ्यात लांब माळा गायब! पंप बसवलेल्या जवळजवळ सगळ्यांचीच शिडी अशी दिसते.

मग रक्त सगळ्यांना का जात नाही? कारण गळायला जागाही लागते. आतड्याच्या अस्तरात कधी कधी नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांचे झुबके होतात. त्यांना अँजिओडिस्प्लेझिया म्हणतात. वयाबरोबर ते वाढतात. शिवाय हाच फॅक्टर नव्या वाहिन्यांच्या वाढीला लगाम घालतो; तो बिघडला की झुबक्यांना मोकळं रान. सतत प्रवाहाच्या पंपामुळे नाडीचा ठोका जवळजवळ नाहीसा होतो, त्याचाही हात यात असावा असं मानतात. झुबके बहुधा लहान आतड्यात लपलेले, म्हणून दोन्हीकडून दुर्बीण घालूनही हाती काही लागत नाही. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देतात. जागा सापडली तर आर्गॉन वायूच्या झोताने डागतात, नाहीतर ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं, पंपाचा वेग थोडा कमी, वॉरफरिन काही काळ बंद. वॉरफरिन थांबवलं की पंपात गुठळी होण्याची धास्ती.

ताई, गोळ्यांबद्दल तुमचा अंदाज एका बाबतीत अगदी बरोबर निघाला. पंपाबरोबर अ‍ॅस्पिरिन द्यायची रीत वर्षानुवर्षं होती. २०२३ साली एरीज चाचणीचे निकाल आले. तिच्यात हार्टमेट ३ च्या निम्म्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी दिली. अ‍ॅस्पिरिन न घेणाऱ्यांत शस्त्रक्रियेशी संबंध नसलेला रक्तस्राव ३४ टक्क्यांनी घटला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. भाऊजींच्या यादीत ती गोळी अजून असेल तर त्यांच्या पंपाच्या टीमला जरूर विचारा. मनाने बंद मात्र करू नका.

आणखी एक. ते हृदयाची वाट बघत असतील, तर चढवलेल्या प्रत्येक पिशवीचा हिशोब ठेवायला सांगा. परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं. त्यांची टीम लगेच रक्त न चढवता लोहाची इंजेक्शनं देत असेल, तर त्यामागे बहुधा हेच आहे.

हृदय मिळालं की पंप निघतो. त्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंच्या फिल्मवर तिसरीही शिडी होती, त्याच रुग्णाची, प्रत्यारोपणानंतरची. वरच्या पायऱ्या परत आल्या होत्या.