महाविद्यालयीन नातवंड आणि त्याचे प्राध्यापक

वसई-विरारमधील अनेक घरांत आईवडील पहाटेची लोकल गाठतात आणि रात्री परततात. महाविद्यालयात जाणारे मूल दिवसभरात वडीलधाऱ्यांपैकी दोघांच्याच दृष्टीस पडते : घरी आजी-आजोबांच्या आणि वर्गात प्राध्यापकांच्या. वर्तक, गोन्सालो गार्सिया, विवा ही महाविद्यालये इतकी जवळ असूनही या दोघांची परस्परांशी ओळख क्वचितच असते.

प्राध्यापकांनी मानसोपचारतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा नाही. नियमित येणारा विद्यार्थी गैरहजर राहू लागला, मित्रांपासून दूर बसू लागला, तर तास संपल्यावर त्याला बाजूला घेऊन ‘बरा आहेस ना?’ एवढे विचारले तरी पुष्कळ. उपदेश नको, चारचौघांत चौकशी तर नकोच. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज खोटा आहे. बहुधा विचारण्याने मन मोकळेच होते. उत्तर होकारार्थी आल्यास मात्र गुप्ततेचे वचन देऊ नये. त्याला एकटे न सोडता समुपदेशकाकडे न्यावे आणि विश्वासातील घरच्या माणसाला बोलवावे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि कर्मचाऱ्यांना धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा द्यायला हवे. आपल्या नातवंडाच्या महाविद्यालयात समुपदेशक कोण, कोणत्या खोलीत बसतात, हे पालकसभेत अवश्य विचारावे. (आजोबांनी विचारले, तर उत्तर लवकर मिळते, असा माझा अनुभव आहे.)

छळाची शंका असेल तर तक्रार तोंडी ठेवू नये. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला. मुलीच्या त्रासाविषयी आधीच सांगितले होते, असे त्यांच्या आईने नंतर सांगितले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार केल्यास संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे. शिक्षकालाही हा अधिकार आहे, हे अनेक शिक्षकांनाच ठाऊक नसते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

रात्री-अपरात्री प्रसंग ओढवला, तर केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. तेथे मराठीत बोलता येते, आणि काळजीने झोप उडालेल्या आजी-आजोबांनीही तो लावावा.