बिलावरचं नाव

गेल्या नवरात्रात आईसाठी मिक्सर मागवला. तिचा जुना मिक्सर अठरा वर्षं चालला होता. करंज्यांची पिठीसाखर करताना तो ऐन वेळी बंद पडायला नको, म्हणून सेल लागला त्याच रात्री मी ऑर्डर टाकली. खोकं आलं अष्टमीला. मोठ्या भांड्याचं झाकण तडकलेलं होतं, ते एक वेळ चाललं असतं. पण मिक्सर चालू केला आणि मिनिटभरात जळका वास सुटला.

ॲपवर 'परत करा' असं बटण होतं. मिक्सरला मात्र ते लागू नव्हतं. आधी तंत्रज्ञ घरी येऊन तपासणार, मग पुढचं ठरणार. तंत्रज्ञ आला नाही. 'भेट पूर्ण झाली' असा मेसेज आला. मग चॅट सुरू झालं. चार दिवसांत पाच जणांशी बोलले. प्रत्येकाने ऑर्डरचा नंबर नव्याने विचारला, प्रत्येकाने गैरसोयीबद्दल माफी मागितली आणि पाचव्याने तक्रार बंद करून टाकली. आई रोज संध्याकाळी विचारायची, "अगं, दुकानदार काय म्हणाला?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदार कोण, हेच मला ठाऊक नव्हतं.

मी एका बातम्यांच्या पोर्टलसाठी काम करते. सकाळी लॅपटॉप उघडला की वाचकांचे मेसेज वाट बघत असतात. मोबाइलच्या खोक्यात साबण निघाला, पैठणी म्हणून छापील साडी आली, पैसे कापले गेले पण ऑर्डर झालीच नाही. अशा प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते : बिलावर नाव कोणाचं आहे? बहुतेकांनी बिल उघडलेलं नसतं. ते ईमेलमध्ये किंवा ॲपच्या कोपऱ्यात पडून असतं. माझंही तसंच पडून होतं. उघडलं तेव्हा दिसलं, की मिक्सर मला ज्या ॲपने विकला असं मी समजत होते, त्याने तो विकलाच नव्हता. बिल दुसऱ्याच राज्यातल्या, कधी न ऐकलेल्या एका कंपनीचं होतं.

यात लपवाछपवी नाही, व्यवस्थाच तशी आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन कंपनीला स्वतःचा माल साठवून तो थेट तुम्हाआम्हाला विकता येत नाही. तिने फक्त बाजार भरवायचा, गाळे मांडायचे. गाळ्यात माल विकणारे वेगळे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने हे नियम आणखी कडक केले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते लागू झाले. त्यामुळे आपण बाजाराच्या मालकाशी भांडत राहतो आणि तो म्हणतो, माल गाळेवाल्याचा. गाळेवाल्याला आपण कधी पाहिलेलंच नसतं.

न पाहिलेल्या दुकानदाराकडून माल मागवणं आपल्याला नवीन नाही. माझे आजोबा पुण्याहून पुस्तकं मागवायचे ती व्हीपीने. पोस्टमन दारात यायचा, पैसे मोजून घ्यायचा आणि मग पुडकं हातात द्यायचा. 'व्हीपी सोडवून घेणे' हा शब्दप्रयोग तेव्हा घरोघरी होता. पोस्टाने ही सोय १८७७ मध्ये सुरू केली. २०१० मध्ये फ्लिपकार्टने 'माल हातात पडल्यावर पैसे' ही पद्धत आणली, तेव्हा कार्डावर विश्वास नसलेला मोठा ग्राहकवर्ग ऑनलाइन खरेदीकडे वळला. कल्पना मात्र सव्वाशे वर्षांहून जुनी होती. फरक एवढाच, की आजोबांच्या पुडक्यावर पाठवणाऱ्या प्रकाशकाचं नाव आणि पेठेसकट पत्ता असायचा. पुस्तकाची पानं उलटसुलट बांधलेली निघाली, तर पोस्टकार्ड कोणाला टाकायचं हे त्यांना माहीत असायचं.

आणि पत्त्यातले ते सहा आकडे! पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा. आपला ४, त्यात महाराष्ट्र आणि गोव्यासोबत मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. पहिले तीन आकडे मिळून पत्रांच्या छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन थेट तुमच्या पोस्टापर्यंत नेतात. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, वाचता न येणारं अक्षर यांतून पत्र योग्य ठिकाणी पोचावं म्हणून केलेली ही योजना. आज देशातली सगळी ऑनलाइन खरेदी या आकड्यांवर उभी आहे. वस्तूच्या फोटोखाली 'तुमच्या भागात मिळेल का' हे पाहायला आपण जे सहा आकडे टाकतो, ते वेलणकरांचे.

एका बातमीसाठी मी भिवंडीला गेले होते. यंत्रमागांची भिवंडी आता गोदामांची झाली आहे. माणकोलीपासून पडघ्यापर्यंत नाशिक महामार्गाच्या आजूबाजूला पत्र्याच्या प्रचंड शेड उभ्या आहेत. आत पट्ट्यावरून खोकी सरकतात, स्कॅनर पिनकोड वाचतो, खोकं त्या त्या रांगेत पडतं. मला सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते परत आलेल्या मालाच्या कोपऱ्यात. फाटलेली खोकी, अर्धवट चिकटपट्ट्या, कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं 'साइज छोटा'. त्या चिठ्ठीत एक माणूस बोलत होता. बाकी सगळीकडे बारकोड.

कस्टमर केअरमध्ये काम केलेल्या एका मैत्रिणीला मी मिक्सरची गोष्ट सांगितली. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिची नोकरी त्या ॲपच्या कंपनीत नव्हतीच. कंत्राट घेतलेल्या तिसऱ्याच कंपनीत होती. एका वेळी तीन-तीन चॅट, प्रत्येकाला ठरलेली मिनिटं, उत्तरंही आधीच लिहिलेली. ठरावीक रकमेपुढचा रिफंड मंजूर करायचा अधिकार तिला नव्हता. 'वरिष्ठांकडे पाठवते' असं ती लिहायची, पण ते वरिष्ठ तिनेही कधी पाहिले नव्हते. आपण ज्याच्यावर चिडतो त्याच्या हातात काही नसतं, हे मला तिच्याकडून समजलं. पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाचंही तेच. त्याला बहुतेक ठिकाणी पार्सलमागे पैसे मिळतात. खोक्यात काय भरलंय ते त्यालाही माहीत नसतं आणि शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात.

म्हणून मी कायद्याकडे वळते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला ई-कॉमर्सचे नियम आले. हे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा जाणवलं, की ते पुन्हा पुन्हा एकच मागणी करतात : नाव सांगा. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता ॲपवर दाखवा. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं, तर विक्रेत्याची माहिती द्या. माल कोणत्या देशातला ते लिहा. आणि तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क जाहीर करा. या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं. प्रत्येक तक्रारीला क्रमांक असला पाहिजे, म्हणजे तिचं काय झालं ते पाहता येईल. माल सदोष निघाला, बनावट निघाला, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही.

चॅटच्या खिडकीत हे कुणी सांगत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव ॲपच्या अगदी तळाशी, अटी-शर्तींच्या आसपास असतं. मी ते शोधलं आणि त्या नावाने मेल लिहिला. बिलावरच्या विक्रेत्याचं नाव, ऑर्डरची तारीख, तडकलेल्या झाकणाचा फोटो, न झालेल्या भेटीचा मेसेज आणि चॅटचे स्क्रीनशॉट. राग एका शब्दानेही लिहिला नाही, तारखा मात्र सगळ्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पोच आली. सातव्या दिवशी मिक्सर परत नेला आणि पैसे खात्यात आले. करंज्या त्या वर्षी जुन्याच मिक्सरवर झाल्या.

बाजार भरवणाऱ्याची जबाबदारी कुठवर, हा वाद अजून मिटलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेला एक आदेश त्यासाठी वाचावा. आवश्यक मानकांत न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर ॲमेझॉनवरून विकले गेले होते. प्राधिकरणाने कंपनीला १ लाख रुपये दंड केला, आणि हे कुकर घेणाऱ्या सगळ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असं सांगितलं. प्रत्येक विक्रीवर शुल्क घेता, तर धोका निघाल्यावर हात झटकता येणार नाही, हा त्यातला मुद्दा मला पूर्ण पटतो. कुकरची वाफ कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असते.

नाव न पाहण्याचा सगळ्यात मोठा फटका मात्र वेगळ्याच ठिकाणी बसतो. रिफंड अडकला की माणूस घाबरून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो. तिथे ठगांनी पेरलेले नंबर असतात. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलतो, स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावतो, पैसे परत पाठवण्यासाठी यूपीआय पिन विचारतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. नंबर घ्यायचा तो ॲपमधूनच. आणि फसलात, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला फोन. घरात कोण काय म्हणेल याचा विचार नंतर. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचं कारण आहे : ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते बँकेचं. लाजेपोटी घालवलेला एकेक तास इथे पैशांत मोजला जातो. निवृत्तीची रक्कम अशी गेलेल्या वाचकांचे फोन मी घेतले आहेत. त्यातले कितीतरी जण मुलांना सांगायला दोन दिवस थांबले होते.

ग्राहकांनी एकत्र येऊन आपली बाजू राखण्याची महाराष्ट्राला परंपरा आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र द्यायची, माल आला की गटातच वाटून घ्यायचा. यादीवर प्रत्येक घराचं नाव. ग्राहकाने एकटं पडायचं नाही, हे त्यांनी किराण्याच्या पिशव्यांतून शिकवलं.

आज एकट्याने तक्रार करायची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवते. निकाल देत नाही. त्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर दाद तिथे मागायची. ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. वकील घेतलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. आणि नव्या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट : विक्रेता गुरुग्रामचा असो की सुरतचा, सांगलीत राहणाऱ्या माणसाला सांगलीतच तक्रार दाखल करता येते.

परवा आमच्या मजल्यावरच्या काकू आल्या. नातीसाठी मागवलेला घागरा दोन्ही वेळा चुकीच्या मापाचा आला होता आणि आता परतीची मुदत संपली असं ॲप सांगत होतं. रडवेल्या झाल्या होत्या. मी ॲपमधून बिल काढून छापून दिलं. तक्रार निवारण अधिकाऱ्याला आधीच केलेल्या मेलला महिना उलटला होता, तेव्हा १९१५ लावला आणि फोन त्यांच्याच हातात दिला. पलीकडून मराठीत आवाज आला तशा काकू खुर्चीत सावरून बसल्या. तारीख सांगितली, रक्कम सांगितली. मग त्यांनी चष्मा नीट केला, बिल खिडकीच्या उजेडात धरलं, आणि विक्रेत्याचं नाव एकेक अक्षर लावून सांगू लागल्या.