जुन्या लॉरीस नवा आल्टरनेटर

शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें कुर्ल्यास १९४७ सालीं, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें, डॉज लॉऱ्या जुळविण्यास आरंभ केला. तो कारखाना आतां तेथें नाहीं. परंतु तसली एखादी लॉरी कोणी हौसेनें जपलेली असली, तर केव्हांतरी तींत नवें डिझेल एंजिन बसविण्याची इच्छा होते. नोंदणी-अधिकाऱ्याची अनुमति मिळते, एंजिन बसतें, आणि मग खरी अडचण विजेच्या तारांपाशीं येते.

जुन्या गाडींत वीज उत्पन्न करतो तो डायनामो. त्यांत चुंबक स्थिर असून तारांचें वेटोळें फिरतें. म्हणून सगळा प्रवाह फिरत्या भागावरून कार्बनच्या ब्रशांनीं उचलून घ्यावा लागतो. एंजिन मंद चाललें कीं डायनामो जवळजवळ निजतोच. आषाढांतल्या रात्रीं घाटकोपरच्या रस्त्यावर वाहनें खोळंबलीं असतां दिवे आणि वायपर बॅटरीवरच जगतात, आणि पुढचा उजेड हळूहळू पिवळा पडतो. आल्टरनेटरांत मांडणी उलटी आहे. तेथें चुंबक फिरतो व वेटोळीं स्थिर राहतात. ब्रशांवरून जातो तो चुंबकास जागविणारा दोन-चार अँपिअरांचा प्रवाह. मोठा प्रवाह स्थिर तारांतून निघतो आणि डायोड त्यास एकाच दिशेनें वाहावयास लावतात. डायोड उलट प्रवाह जाऊं देत नसल्यामुळें जुना कटआउट निरुपयोगी ठरतो. आल्टरनेटरचा स्वतःचा नियंत्रक असला, तर जुनी नियंत्रक-पेटीहि काढून टाकावी.

आतां धोक्याची गोष्ट. त्या काळच्या अमेरिकन डॉजची बॅटरी सहा व्होल्टची असून तिचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. आजच्या आल्टरनेटरला बारा व्होल्ट व ऋण टोक सांगाड्यास हवें. माझ्या एका स्नेह्याच्या लॉरींत मिस्त्रींनीं घाईंत जुनीच जोडणी राखली; क्षणार्धांत सगळे डायोड जळले. चूक एका तारेची, आणि भुर्दंड नव्या आल्टरनेटरचा! तेव्हां प्रथम बॅटरी फिरवावी. बल्ब, हॉर्न व वायपरची मोटर बारा व्होल्टचीं करावीं.

दुसरा धोका याहून वाईट आहे, कारण तो दिसत नाहीं. जुन्या लॉरींत बॅटरीकडे जाणारा प्रवाह चालकापुढील अँमीटरमधून जातो. तें उपकरण तीसेक अँपिअरांपुरतें बेतलेलें असेल आणि आल्टरनेटर साठ देऊं लागला, तर कापडी वेष्टनाच्या त्या जीर्ण तारा तापतात, आणि आग लागते ती चालकाच्या गुडघ्यांशीं. म्हणून आल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार, मधें फ्यूज घालून, स्वतंत्र न्यावी. अँमीटर वगळून व्होल्टमीटर लावावा.

राहिली एक बारीक तार. ती चावीपासून एका लहान दिव्यांतून आल्टरनेटरकडे जाते. हा दिवा नुसता शोभेचा नव्हे. त्यांतून जाणारा अल्प प्रवाहच चुंबकास प्रथम जागवितो. दिवा वगळून तार थेट जोडली, तर पुष्कळ आल्टरनेटरांचे नियंत्रक जळतात.

जोडणी झाल्यावर व्होल्टमीटर पाहावा. एंजिन बंद असतां भरलेल्या बॅटरीचा सुमारें १२.६, आणि चालूं असतां सुमारें १४ व्होल्ट दिसावा. चालूं एंजिनावर बॅटरीची तार काढून परीक्षा घेण्याची डायनामोच्या काळची खोड मात्र सोडावी. त्या धक्क्यानें डायोड फुटतात.