भावनिक खाणे

भावनिक खाणे म्हणजे शारीरिक भूक नसताना ताण, कंटाळा, एकटेपणा, राग किंवा दुःख अशा भावना शमविण्यासाठी अन्न खाण्याची प्रवृत्ती होय. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. मात्र तीव्र स्वरूपात तो बिंज ईटिंग डिसऑर्डर या अतिभक्षण विकाराशी निगडित असू शकतो. या सवयीवर नियंत्रण मिळविण्यासाठी मोबाइल ॲप, व्हिडिओ कॉल किंवा संगणकीय 'आभासी प्रशिक्षक' यांच्या साहाय्याने मानसशास्त्रीय सराव करून घेतले जातात.

संकल्पना

मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांच्या मते भूक आणि इतर अस्वस्थता यांतील फरक मूल पालकांच्या प्रतिसादातून शिकते. प्रत्येक रडण्यावर खाऊ हेच उत्तर मिळाल्यास हा फरक पुसट राहतो. १९८६ मध्ये तात्याना व्हान स्ट्रिएन व सहकाऱ्यांनी ३३ प्रश्नांची डच खाद्यवर्तन प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात भावनिक, बाह्य उद्दीपनामुळे होणारे आणि संयमित असे खाण्याचे तीन प्रकार मोजले जातात.

शारीरिक भूक हळूहळू वाढते व साध्या जेवणानेही भागते. भावनिक भूक एकाएकी जाणवते, विशिष्ट पदार्थाचीच मागणी करते आणि पोट भरल्यावरही बऱ्याचदा टिकून राहते. त्यानंतर येणारी अपराधी भावना पुन्हा खाण्यास कारणीभूत ठरू शकते.

सरावाचे प्रकार

नोंद : खाण्यापूर्वीची वेळ, प्रसंग, भावना व भुकेची तीव्रता लिहून ठेवणे.

साखळी विश्लेषण : मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीतील हा सराव आहे. प्रसंग, विचार, भावना, कृती आणि परिणाम असे दुवे क्रमाने मांडून साखळी कोठे तोडता येईल हे शोधले जाते. नेदरलँड्समधील संशोधकांनी या उपचारपद्धतीवर आधारित आभासी प्रशिक्षकाचा विकास केला आहे.

इच्छेची लाट न्याहाळणे : ॲलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीसाठी मांडलेल्या या तंत्रात तीव्र इच्छा दडपली जात नाही. ती लाटेप्रमाणे वाढते व ओसरते, हे शांतपणे अनुभवले जाते.

सजग खाणे : जॉन कबात-झिन यांच्या कार्यक्रमातील मनुका खाण्याचा सराव प्रसिद्ध आहे. त्यात एकच मनुका पाहून, हुंगून, सावकाश चावून खाल्ली जाते.

जर-तर योजना : पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनावर आधारित. उदा. 'कार्यालयातून चिडून घरी आलो, तर फरसाणाचा डबा उघडण्याआधी दहा मिनिटे चालून येईन.'

उपयुक्तता व मर्यादा

खाण्याची ओढ अनेकदा रात्री, एकांतात निर्माण होते. त्या वेळी समुपदेशक उपलब्ध नसतो, पण मोबाइल हाताशी असतो. लाजेमुळे प्रत्यक्ष बोलणे टाळणाऱ्यांनाही हे माध्यम सोयीचे वाटू शकते. तथापि, वापरात सातत्य राखणे कठीण जाते आणि वैयक्तिक माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्न उरतो. केवळ उष्मांक मोजण्यावर भर देणारी ॲप काहींची अन्नाविषयीची चिंता वाढवू शकतात.

वारंवार अनियंत्रित खाणे, मुद्दाम उलटी करणे, दीर्घ उपवास किंवा नैराश्य ही लक्षणे असल्यास ॲपवर विसंबून न राहता तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या शासकीय टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य समुपदेशन मिळते.