वाडीचा हिशेब, शेअरचा हिशेब

वेळणेश्वरात वाडीचा हिशेब ठेवणारा माणूस नुसते नारळ मोजून थांबत नाही. पाडेल्याची मजुरी, शेणखत, पंपाचं वीजबिल, माकडांनी नासवलेले नारळ, घरात खर्ची पडलेले नारळ आणि माड लावल्यापासून पहिलं फळ यायला गेलेली वर्षं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. तोच माणूस संध्याकाळी मोबाइलवर शेअरचं ॲप उघडतो, वरचा एक हिरवा आकडा बघतो आणि म्हणतो, "साठ टक्के वर आहे." किती वर्षांत, हे तो सांगत नाही, त्याला कुणी विचारतही नाही. गावात आता शेअरचं बोलणं पूर्वीपेक्षा खूपच वाढलं आहे, म्हणून या आकड्याभोवतीचे काही गैरसमज नीट सोडवून सांगावेसे वाटतात.

पहिला गैरसमज तोच. ॲपवरचा टक्का म्हणजे वर्षाचा परतावा नव्हे. आज हाताशी असलेल्या शेअरची किंमत आणि त्यांची खरेदी किंमत यांतला तो नुसता फरक असतो. त्यात काळ नसतो. साठ टक्के दोन वर्षांत मिळाले तर वर्षाला साधारण साडेसव्वीस टक्के पडतात, दहा वर्षांत मिळाले तर पाच टक्केही पडत नाहीत. हा दर काढताना एकूण टक्क्याला वर्षांनी भागायचं, हीही चूकच. सेन्सेक्स २०१९ च्या अखेरीस ४१,२५३ होता, २०२४ च्या अखेरीस ७८,१३९. वाढ ८९ टक्क्यांची. पाचांनी भागलं तर जवळपास १८ येतात, पण खरा चक्रवाढ दर १३.६ टक्के आहे. बँकेतली ठेव आणि शेअर यांची तुलना करताना हे सव्वाचार टक्क्यांचं अंतर मोठं ठरतं.

याहून खोल गैरसमज पैसे टप्प्याटप्प्याने घालणाऱ्यांचा असतो, आणि बहुतेकजण तसेच घालतात. कुणी पगारातून दरमहा, कुणी आंब्याचे पैसे आले की, कुणी निवृत्तीची रक्कम हातात पडली की. समजा, एकाने पहिल्या वर्षी एक लाख घातले आणि त्याचे दीड लाख झाले. पन्नास टक्के! हुरूप येऊन दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्याने आणखी नऊ लाख घातले. त्या वर्षी बाजार घसरला आणि साडेदहा लाखांचे नऊ लाख ४५ हजार झाले, म्हणजे दहा टक्क्यांची घट. तो मनात सरासरी काढतो, अधिक ५० आणि उणे १०, म्हणजे वर्षाला २० टक्के. हातात मात्र दहा लाख घालून साडेनऊही उरलेले नाहीत. त्याच्या पैशांचा खरा वार्षिक दर उणे पाच टक्के आहे, कारण चांगल्या वर्षात रक्कम लहान होती आणि वाईट वर्षात मोठी.

त्याने निवडलेले शेअर वाईट होते, असं यावरून ठरत नाही. पहिल्या दिवशी त्यांत घातलेला एक रुपया दोन वर्षांनी एक रुपया ३५ पैसे झाला, म्हणजे वर्षाला १६ टक्क्यांच्या वर. शेअर कसे वागले आणि माझा पैसा कसा वाढला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एक्सआयआरआर नावाचं सूत्र देतं. मोबाइलवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्येही ते असतं. एका रांगेत तारखा, दुसरीत रकमा. घातलेले पैसे उणे, मिळालेले अधिक, आणि शेवटी आजच्या तारखेला आजचं मूल्य अधिक म्हणून. मात्र गुंतवणूक वर्षाच्या आतली असेल तर त्यावर विसंबू नये. एका महिन्यात चार टक्के मिळाले तर हे सूत्र वार्षिक ६० टक्के दाखवतं, आणि तसे साठ कुणाच्या पदरात पडलेले नसतात.

"बोनस आला आणि शेअर निम्म्यावर पडला" ही घाबरगुंडीही नेहमीची. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकाला एक बोनस दिला, तेव्हा भाव निम्मा झाला आणि शेअर दुप्पट झाले. मालमत्ता होती तेवढीच राहिली. ज्याने आपल्या वहीत शेअरची संख्या बदलली नाही, त्याला तोटा दिसत राहिला. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि जुन्या २५ शेअरमागे बँकेचे ४२ मिळाले. अशा वेळी जुनी खरेदी किंमत नव्या शेअरवर वाटून घ्यावी लागते, तारीख मात्र जुनीच धरायची. कंपनीतून दुसरी कंपनी वेगळी निघाली, तर मूळ किंमत दोन्हींत वाटायची. त्याचं प्रमाण बहुधा कंपनीच कळवते.

लाभांश हा हिशेबातून सर्वांत सहज निसटतो, कारण तो ॲपमध्ये न येता थेट बँकेच्या खात्यात पडतो आणि किराण्यात खर्च होतो. तो परताव्यात धरलाच पाहिजे, आणि एप्रिल २०२० पासून त्यावर गुंतवणूकदाराला स्वतःच्या उत्पन्नाप्रमाणे कर भरावा लागतो, तो वजाही केला पाहिजे. याचीच दुसरी बाजू तुलनेत दिसते. रोज बातम्यांत ऐकू येणारा सेन्सेक्स किंवा निफ्टी लाभांश मोजत नाही. लाभांश मोजणारा एकूण परतावा निर्देशांक वेगळा असतो, टीआरआय म्हणतात तो. फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांनी आपली तुलना त्याच्याशीच करावी, असं सेबीने ठरवून दिलं. आपला लाभांश धरायचा आणि निर्देशांकाचा सोडायचा, ही तुलना खरी नाही.

विकलेले शेअर यादीतून जातात, त्यांचा नफातोटा आठवणीतून जातो. तोट्यात विकलेले तर आधी जातात. उरलेली यादी मग हिरवीगार दिसते. पोफळीतली मेलेली झाडं तोडून टाकून उरलेल्या झाडांवर उत्पन्नाची सरासरी काढावी, तसं हे होतं. वहीत प्रत्येक विक्री राहिली पाहिजे, तिच्यावरच्या करासह. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के आणि त्यानंतर विकलेल्यांच्या वर्षाकाठी सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे.

घसरणीबद्दलचा समज लवकर सांगून संपवतो. ६० टक्के पडलं तर ६० टक्के चढून भरून निघत नाही. जानेवारी २००८ मध्ये २०,८७३ वर बंद झालेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० ला आला. तिथून पूर्वीच्या जागी पोचायला त्याला १५५ टक्क्यांहून अधिक चढावं लागलं.

शेवटचा समज मुंबईत गिरणीत, बँकेत, गोदीत नोकऱ्या करून गावी परतलेल्या घरांमधला. ट्रंकेत आजोबांच्या नावाचे कागदी शेअर सापडतात आणि "आता ते गेले" म्हणून परत ठेवले जातात. ते गेलेले नसतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद आहे, पण वारसाहक्काने नाव लावून ते डिमॅटमध्ये घेता येतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नसेल, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तिथूनही वारसाला अर्ज करून ते परत मागता येतात. कागदपत्रांना वेळ लागतो. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे पुरावे गोळा करायला मे महिन्यातच सुरुवात करावी, मुंबईची माणसं गावी असतात तोवर.