आई, पाणी आणि जम्बो रॉक्स

गाडीतून उतरल्याउतरल्या आईने पाणी मोजलं. डिकीत वीस-वीस लिटरचे दोन कॅन होते. माणसं चार, मुक्काम दोन रात्रींचा.

"हितं नळ न्हाई?"

नाही म्हटल्यावर तिने दोन्ही कॅन उतरवायला लावले, सावलीच्या बाजूला ठेवले, आणि मगच मान वर करून आजूबाजूला पाहिलं. आमच्या जागेच्या मागे दुमजली घराएवढा एक धोंडा होता. त्याच्या खांद्यावर दुसरा, आणि दुसऱ्याच्या माथ्यावर रांजणाएवढा तिसरा. नजर जाईल तिकडे असेच धोंडे, पिवळट गुलाबी, अंगाने गोल. मधल्या बोळांमधून लोकांचे तंबू डोकावत होते.

मी कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहते, त्याला चौदा वर्षं झाली. गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, दहिवडीजवळचं. आई गेल्या हिवाळ्यात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. अडुसष्ट वर्षांच्या बाईला वाळवंटात तंबूत झोपवणार का, असं ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं. आईचं उत्तर सरळ होतं: "खळ्यावर राखणीला झोपल्येय मी. थंडीचं काय सांगता?" नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी आम्ही निघालो. गाडीत तंबू, ज्वारीचं पीठ, ठेच्याची बरणी आणि तिने गावाहून आणलेली गोधडी.

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. मोहावे आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं तिथे एकमेकांना भिडतात. मोहावे उंचावरचं आणि थंड, कोलोरॅडो सखल आणि तापट. १९२०च्या आणि ३०च्या दशकांत शहरातल्या बागांसाठी इथली निवडुंगं उपटून गाड्या भरभरून नेली जात. पॅसाडेना शहरातल्या मिनर्व्हा हॉइट या बाईंनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं चिकाटीने पाठपुरावा केला, म्हणून १९३६ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या भागाला संरक्षण दिलं. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळायला १९९४ उजाडलं.

उद्यानात तंबू ठोकायच्या जागा आठ-नऊ ठिकाणी आहेत. त्यांतली सर्वांत मोठी जम्बो रॉक्स. उंची ४,४०० फूट, तंबूच्या जागा १२४. एका जागेवर एक टेबल, जाळी असलेलं लोखंडी शेकोटीचं कडं, गाडी उभी करायला पट्टा आणि धोंड्यांच्या आडोशाला तंबूपुरती सपाट जमीन मिळते. संडास खड्ड्याचे, पण स्वच्छ. वीज नाही, फोनला रेंज नाही, पाणी नाही. आई या सगळ्याला ‘छावणी’ म्हणत होती. माणमध्ये छावणी म्हणजे दुष्काळात जनावरं जगवायला मांडव घालतात ती. तो शब्द मी बदलला नाही, कारण तिथेही पहिला प्रश्न पाण्याचाच असतो.

तंबू उभा करताना खुंट्या जमिनीत जाईनात. वरचा थर भरड खड्यांचा, खाली कडक. मग दोऱ्या धोंड्यांच्या पायथ्याशी पडलेल्या दगडांना आवळल्या. इथे वारा अचानक उठतो आणि नीट न बांधलेला तंबू उचलून नेतो. तेवढ्यात आईने मागच्या शिळेवर तळहात टेकवला, थोडा फिरवला आणि म्हणाली, "हा आपला दगड न्हाई."

बरोबर होतं. आपला दगड बसाल्ट. सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला आणि लवकर थिजला, म्हणून त्याचे कण डोळ्याला दिसत नाहीत. जम्बो रॉक्सचा दगड ग्रॅनाइटच्या कुळातला, त्याला मॉन्झोग्रॅनाइट म्हणतात. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखाली खोलवर अडकला आणि अतिशय सावकाश निवत गेला. सावकाश निवल्याने त्यात मोठे स्फटिक वाढले. हाताला ते लगेच कळतं. गुलाबी-पांढरे फेल्डस्पारचे दाणे, त्यांच्यामध्ये काचेसारखं क्वार्ट्‌झ, मधूनमधून अभ्रकाचे काळे ठिपके. तळहात जोरात घासला तर सोलवटतो. जगभरचे गिर्यारोहक इथे येतात ते या खरबरीतपणासाठीच, कारण बोटं आणि बूट त्यावर घट्ट धरतात.

आईला दगड कळतो, त्यालाही कारण आहे. १९७२च्या दुष्काळात ती सोळा वर्षांची होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दगडाला शीर असते, शिरेवर घाव बसला तर तो दोन घावांत फुटतो, नाहीतर हातच दुखतो, हे तिने तिथे शिकून घेतलं. जम्बो रॉक्सलाही ती शिरा शोधू लागली आणि तिला त्या सापडल्या. शिळांमधून आडव्या आणि उभ्या सरळ भेगा गेल्या आहेत, कुणी दोरी धरून आखल्यासारख्या.

त्या भेगा म्हणजेच या जागेचा सगळा इतिहास. वरचे थर झिजून गेले तसा खालच्या दगडावरचा दाब कमी झाला आणि त्याला आडव्या भेगा पडल्या. जमिनीच्या हालचालींनी उभ्या भेगा पडल्या. अख्ख्या कातळाचे ठोकळे झाले, पण ते अजून जमिनीतच होते. तेव्हा इथलं हवामान बरंच ओलं होतं. पाणी भेगांमधून खाली मुरत गेलं आणि फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होऊ लागली. ठोकळ्याच्या सपाट अंगावर पाणी एकाच बाजूने लागतं, कडेवर दोन बाजूंनी, कोपऱ्यावर तीन बाजूंनी. म्हणून कोपरे आधी गेले, मग कडा. तोंडात धरलेला खडीसाखरेचा खडा जसा गोल होत जातो, तसे जमिनीखालच्या अंधारात हे ठोकळे लाखो वर्षं गोल होत गेले. पुढे हवामान कोरडं झालं, वरचं झाडझाडोऱ्याचं आवरण विरळ झालं, आणि वळवाच्या लोंढ्यांनी भोवतालची भुसभुशीत माती वाहून नेली. आतले गोटे खाली बसत बसत एकमेकांवर टेकले.

हे मी आईला माझ्या अकरा वर्षांच्या मुलासमोर सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि पायाखालचे भरड खडे मुठीत घेतले. "मुरूम हाय हा," ती म्हणाली. "मुरूम वाहून गेला की गोटं उरत्यात. हीर खणताना निघायचं तसलंच." आमच्याकडच्या विहिरींत मुरमाच्या थरात काळे गोल गोटे लागतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. दगड वेगळा, वय वेगळं, पण घडण तीच. उद्यानाच्या माहितीफलकांवरून मला जे समजायला दोन फेऱ्या लागल्या, ते आईने मूठभर मुरमावरून ओळखलं. तेव्हापासून मला जम्बो रॉक्स म्हणजे पाण्याने केलेलं काम वाटतं. जिथे आज नळ नाही, तिथला प्रत्येक धोंडा पाण्याने गोल केलेला आहे.

नोव्हेंबरमध्ये पावणेपाचला सूर्य मावळतो. त्याआधीचा अर्धा तास शिळा तांबूस होत जातात आणि मग एकदम गारवा येतो. कोरड्या हवेत उष्णता टिकत नाही. दिवसा वीस अंश असलेलं तापमान रात्री चार-पाचावर उतरतं. धोंडे मात्र काही वेळ ऊब धरून असतात. आई अंधार पडेपर्यंत शिळेला पाठ लावून बसली होती.

सरपण आम्ही खालच्या गावातून विकत आणलं होतं. इथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. या हवेत एक फांदी कुजून मातीला मिळायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर तिच्या आडोशाला सरडे-किडे जगतात. जाळीवर तवा ठेवून आईने भाकरी थापली. बाहत्तर साली अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्याची आठवण तिने नातवाला सांगितली. जेवण झाल्यावर भांडी धुवायला मी कॅनकडे हात नेला, तर तिने अडवलं. शेकोटीच्या कडेची निवलेली राख घेऊन तिने तवा घासला, ओल्या फडक्याने दोनदा पुसला आणि फडकं कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. मी मागच्या खेपेला याच कामाला चार लिटर पाणी वापरलं होतं. तिला अर्धं भांडंही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरी काढते तसा भाकरीचा पहिला तुकडा कावळ्यासाठी शिळेवर ठेवला. समोर दोन मोठे डोमकावळे बसलेच होते. मुलगा धावत आला. "आजी, नको ठेवूस! ते कासवाची पिल्लं खातात." या वाळवंटात जमिनीवरचं कासव राहतं, आणि त्याच्या पिल्लांची पाठ पहिली काही वर्षं मऊ असते. माणसांच्या उष्ट्या-खरकट्यावर डोमकावळे वाढले आणि त्यांनी पिल्लं फोडून खायला सुरुवात केली. मोठं कासवही जपावं लागतं. ते पावसाचं पाणी मूत्राशयात महिनोन् महिने साठवून ठेवतं. कौतुकाने कुणी उचललं, तर भीतीने ते सगळं पाणी टाकून देतं आणि पुढच्या उन्हाळ्यात मरू शकतं. आईने तुकडा उचलला, पदराच्या टोकाने शिळेवरचे कण गोळा केले आणि म्हणाली, "म्हंजी उचललं की त्याचा हंडाच सांडला म्हणायचा."

ज्या झाडावरून उद्यानाला नाव मिळालं, ते जोशुआ ट्री आम्ही त्या दिवशी चालताना जवळून पाहिलं. हे खरं तर झाड नव्हे, युक्का आहे, घायपाताच्या नात्यातलं. खोडात वर्षाची वलयं नसतात, म्हणून त्याचं वय उंचीवरून अदमासानेच काढतात. वाढ वर्षाला जेमतेम एक-दोन इंच. फुलांचं परागीभवन एकच छोटा पतंग करतो. मादी पराग मुद्दाम गोळा करून दुसऱ्या फुलात दाबते आणि तिथेच अंडी घालते. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला राहतात. पतंग नाही तर बी नाही, आणि झाड नाही तर पतंग नाही. उत्तरेकडच्या मोहावे राखीव क्षेत्रात ऑगस्ट २०२०च्या एका वणव्यात अशी सुमारे तेरा लाख झाडं जळाली. आगीची सवय नसलेल्या या झाडांची जागा भरून यायला कित्येक पिढ्या लागतील. त्यांना झोका बांधू नका, टेकू नका, मुलांना चढू देऊ नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.

दुपारी बार्कर डॅमच्या वाटेवर आईला दोन ओळखीच्या गोष्टी भेटल्या. एक म्हणजे बंधारा. गुरं पाळणाऱ्यांनी तो १९००च्या सुमारास दोन कातळांमध्ये घातला आणि पुढे उंच केला. आम्ही गेलो तेव्हा आत पाणी नव्हतं, फक्त वाळलेल्या गाळाच्या खपल्या होत्या. दुसरी म्हणजे कातळातली उखळं. सेरानो, काहुइया, चेमेहुएवी या लोकांच्या बायका इथे बिया कुटत. आई एका उखळापाशी खाली बसली, त्यात हात घालायचा नाही म्हणून वरूनच खोली पाहिली, आणि बराच वेळ उठली नाही. "लई वर्षं कुटलंय हितं," एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री दहानंतर सगळीकडे सामसूम झाली. दहा ते सहा शांतता पाळायचा नियम इथे खरोखर पाळला जातो. उद्यानाला २०१७ साली अंधाऱ्या आकाशाच्या संरक्षित स्थळाचा दर्जा मिळाला आहे. धोंड्यांच्या काळ्या कडांच्या वर आकाश इतकं भरलेलं होतं, की ओळखीचे ताऱ्यांचे आकारही लवकर सापडेनात. आईने नातवाला तिकांडं दाखवलं, मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे. मग कानटोपी ओढून, अंगाखाली गोधडी घालून ती झोपली. तंबूत थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. अंगाखालचं अंथरूण जाड हवं, हे लक्षात ठेवा.

निघताना एका कॅनमध्ये अकरा लिटर उरले होते. शेजारच्या जागेवर नुकत्याच उतरलेल्या कुटुंबाकडे बाटल्या कमी होत्या. आईने त्यांना तो कॅन रिता करून घ्यायला लावला.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबर ते एप्रिलमध्येच जा. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर असतो. जागा सहा महिने आधीपासून राखून ठेवता येते आणि शनिवार-रविवारच्या भराभर जातात. मुलांना धोंड्यांवर चढू द्या, पण उतरायची वाट आधी पाहून ठेवायला सांगा, कारण चढणं सोपं आणि उतरणं अवघड असतं. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी धरा. उद्यानाच्या पश्चिम प्रवेशद्वारापाशी नळ आहे, आणि जम्बो रॉक्स तिथून अर्ध्या-पाऊण तासावर. त्या नळाशी थांबा, सगळे कॅन भरून घ्या आणि मगच पुढे जा.